रिओहाच्या पिंपात खोबरं कुठून आलं?

स्पेनच्या उत्तरेकडच्या रिओहा प्रांतातली, जुन्या वळणाची एखादी ‘ग्रान रेझेर्वा’ वाइन पेल्यात ओतली की फळाच्या बरोबरीनं नाकाला जाणवतं ते खोबरं. पाठोपाठ व्हॅनिला, आणि नीट लक्ष दिलं तर किंचित शेपूसुद्धा. एब्रो नदीच्या त्या खोऱ्यात माड औषधालाही सापडायचा नाही. वाइनमध्ये बाहेरून कसला अर्कही घातलेला नसतो.

हा सगळा उद्योग पिंपाच्या लाकडाचा. उत्तर अमेरिकेतल्या पांढऱ्या ओकमध्ये लॅक्टोन वर्गातली काही संयुगं असतात, त्यांचा वास थेट खोबऱ्याचा. व्हॅनिलाची गोष्ट तर याहून मजेची. पिंप बांधताना फळ्यांना बाक यावा म्हणून आत विस्तव पेटवतात. खोडाला ताठपणा देणारं लिग्निन त्या धगीनं काही प्रमाणात तुटतं आणि त्यातून व्हॅनिलिन मोकळं होतं. व्हॅनिलाच्या शेंगेत असतं तेच, रेणूला रेणू जुळणारं!

पण लाकूड थेट अमेरिकेतून का? अटलांटिकपारचा व्यापार जुना होता, हे झालं एक कारण. मला दुसरं जास्त आवडतं. खोडात पाणी वर नेणाऱ्या बारीक नळ्या असतात. अमेरिकी पांढऱ्या ओकमध्ये त्या आतून बोळे कोंबल्यासारख्या घट्ट बंद होतात, म्हणून हे लाकूड करवतीनं कापलं तरी पिंप गळत नाही. फ्रान्सचा ओक मात्र रेषेच्या कलानं फोडावा लागतो आणि त्यात बरंच लाकूड वाया जातं. साहजिकच अमेरिकी पिंप स्वस्त पडतं.

225 लिटरच्या पिंपात वाइन मुरवायची रीत मूळची फ्रान्समधल्या बोर्दोची. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मार्केस दे मुरिएता आणि मार्केस दे रिस्काल या वाइन उत्पादकांनी ती रिओहात रुजवली. पुढे फिलॉक्सेरा किडीनं फ्रान्समधल्या द्राक्षबागा फस्त केल्या, तसे बोर्दोचे व्यापारी इकडे खरेदीला धावले. आरो गावात रेल्वे स्टेशनाला खेटून उभ्या राहिलेल्या वाइनऱ्या आजही तिथेच आहेत.

पिंपातून द्रव गळत नसला तरी हवेचा अंश आत झिरपतो. तेवढ्यावर वाइनमधली टॅनिनं आणि रंगद्रव्यं एकमेकांना धरू लागतात. जीभ आखडवणारा तुरटपणा निवळतो, जांभळा रंग विटकरीकडे झुकतो. हवा जास्त झाली तर मात्र सगळाच मामला व्हिनेगरच्या वाटेला लागतो. ग्रान रेझेर्वाला किमान पाच वर्षं थांबावं लागतं, त्यातली निदान दोन ओकमध्ये आणि दोन बाटलीत.

काही जुन्या वाइनऱ्यांमध्ये ठरावीक महिन्यांनी वाइन एका पिंपातून दुसऱ्यात उतरवतात, तळाचा गाळ मागे ठेवून. कामगार मेणबत्तीसमोर पेला धरतो, तोटीतून थोडी थोडी वाइन घेतो आणि ज्योतीकडे बघत राहतो. ज्योत पहिल्यांदा धूसर दिसली की तोटी बंद.

एवढं लाकूड सोसणारं द्राक्षही तसंच लागतं. टेम्प्रानियो हे रिओहाचं मुख्य वाण. साल जाड, रंग भरपूर, आणि स्वतःचा सुगंध मात्र बेताचा. माझ्या मते ओकशी त्याचं जमलं ते या भिडस्तपणामुळेच. आपल्याकडे नाशिकच्या दिंडोरी भागातही त्याची लागवड झाली आहे.

या काळ्या द्राक्षाचे आईबाप कोण, हे जनुकीय तपासणीतून 2012 साली उघड झालं. एक बेनेदिक्तो नावाचं, आता जवळपास विसरलेलं काळं वाण. दुसरं आल्बिल्यो मायोर, आणि ते चक्क पांढरं! म्हणजे प्रत्येक टेम्प्रानियोत रंगाच्या जनुकाची एक चालू प्रत असते आणि पांढऱ्या पालकाकडून आलेली एक बंद प्रत.

1988 साली मुरियो दे रिओ लेसा गावातल्या एका बागेत टेम्प्रानियोच्या एका वेलीवर एकाच काडीला पांढरे घड लागले. बाकी वेल नेहमीसारखी काळी. आपलं सोनाका द्राक्षही थॉम्पसनच्या वेलीवरच्या अशाच आपसूक बदलातून आलेलं आहे. टेम्प्रानियोच्या त्या काडीत गुणसूत्रांची मोडतोड होऊन रंगाची चालू प्रत गळून पडली होती, उरली होती ती आल्बिल्योकडची. शेतकऱ्यानं ती काडी जपली, तिची कलमं झाली. आज रिओहात ‘टेम्प्रानियो ब्लांको’ नावानं जी पांढरी वाइन मिळते, तिच्या साऱ्या वेली त्या एका काडीच्या वंशातल्या.