दोष फक्त मोबाइलचा?

घरी शाळेत जाणारं धाकटं भावंड आहे? मग एक हिशेब करा. काल ते घराबाहेर, उजेडात किती वेळ होतं? वर्ग, ट्यूशन, मग मोबाइल. अमरावती असो की अकोला, बऱ्याच घरांत उत्तर मिनिटांतच येईल.

पोराला चष्मा लागला की आपण मोबाइलला शिव्या देतो. ते अगदीच चूक नाही. सतत जवळचं पाहणं आणि आईबाबांचा चष्मा, ही कारणं आहेतच. पण आणखी एक कारण राहून जातं : सुटलेलं मैदान.

सिंगापूर आणि सिडनीतल्या चिनी वंशाच्या सहा-सात वर्षांच्या मुलांची तुलना २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. सिंगापुरात २९ टक्के मुलांना दूरचं अंधुक दिसायचं, सिडनीत जेमतेम ३ टक्के. गंमत म्हणजे, सिडनीची मुलं पुस्तकं जास्त वाचायची! पण ती आठवड्याला सुमारे १४ तास बाहेर असायची, सिंगापूरची फक्त ३ तास.

भरपूर उजेडात डोळ्याच्या पडद्यात डोपामीन तयार होतं आणि ते डोळा लांबट होऊ देत नाही, असं संशोधक मानतात. एकदा लांबलेला डोळा पुन्हा आखूड होत नाही. नंबर फार वाढला तर पुढे पडदा सरकण्याचा धोकाही वाढतो.

"मग काय मे महिन्यात पोट्ट्याले उन्हात उभं करू?" नाही हो! सकाळ-संध्याकाळ पुरे. झाडाच्या सावलीतही खोलीतल्या ट्यूबलाइटपेक्षा कितीतरी जास्त उजेड असतो. तैवानच्या शाळांनी २०१० पासून रोज दोन तास बाहेर, असं ध्येय ठेवलंय.

आज संध्याकाळी मोबाइल हिसकावू नका. बॅट त्याच्या हातात द्या, बॉलिंग तुम्ही करा.