बाबासाहेबांच्या विद्यापीठातील लो लायब्ररी

रुंद दगडी पायऱ्या, दहा उंच खांब आणि वर घुमट. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाची ही इमारत आपल्या अनेक बांधवांनी छायाचित्रात पाहिली असेल. नाव 'लो लायब्ररी', पण आज आत ग्रंथालय नाही. तेथे विद्यापीठाच्या अध्यक्षांचे कार्यालय असून सारा कारभार तेथून चालतो.

प. पू. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली तेथे पोहोचले, तेव्हा मात्र विद्यापीठाचे मुख्य ग्रंथालय हेच होते. शाळेत घरून नेलेल्या गोणपाटावर बसवले गेलेल्या मुलासमोर या घुमटाखालचे वाचनदालन खुले होते. १९१६ पर्यंतच्या तीन वर्षांत त्यांनी अर्थशास्त्राचे २९ आणि इतिहासाचे ११ अभ्यासक्रम घेतले. शिवाय समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र होतेच! एवढ्या अभ्यासाला ग्रंथ किती लागले असतील, याची कल्पनाच करावी.

इमारत चार्ल्स मॅककिम यांनी रोमच्या पँथिऑनच्या धर्तीवर रचली. काम १८९५ ते १८९७ या काळात झाले. तेव्हाचे अध्यक्ष सेथ लो यांनी वडिलांच्या स्मरणार्थ स्वतःचे दहा लाख डॉलर दिले. वडील चीनशी व्यापार करणारे. आपल्याकडील धनिकांनी त्याच काळात देवळांवर किती खर्च केला आणि ग्रंथालयांवर किती, हा प्रश्न मनात येतोच. आतील गोल दालनाभोवती हिरव्या दगडाचे खांब आहेत. सुरुवातीच्या काळात घुमटाखाली मोठा पांढरा गोळा टांगून त्यावर प्रकाशझोत टाकीत. वाचणाऱ्यांसाठी तो जणू चंद्रच!

इमारत देखणी, पण ग्रंथांना जागा पुरेना. १९३४ साली समोर नवे बटलर ग्रंथालय उघडले आणि लो इमारत प्रशासनाकडे गेली.

एप्रिल १९६८ मध्ये विद्यार्थ्यांनी इथले अध्यक्षांचे दालन ताब्यात घेतले. शेजारच्या हार्लेम वस्तीतील कृष्णवर्णीयांच्या वापरातील उद्यानात विद्यापीठ व्यायामशाळा बांधू पाहत होते, आणि व्हिएतनाम युद्धाशी निगडित संशोधनालाही विरोध होता. पोलिसांनी सुमारे ७०० जणांना पकडले. पण व्यायामशाळा त्या उद्यानात झाली नाही.

बाबासाहेबांना ५ जून १९५२ रोजी याच विद्यापीठाने एलएल.डी. ही सन्माननीय पदवी दिली. आपल्यापैकी कोणाचा मुलगा वा मुलगी तेथे गेली, तर बाबासाहेबांचा अर्धपुतळा लो इमारतीत शोधू नये. तो लेहमन ग्रंथालयात आहे.