एवढीशी बोट आणि चार क्षेपणास्त्रं

नाशिकहून पुन्हा एकदा तुमच्यासमोर. हा भाग लिहून काढताना माझं 'म्हणजे बघा' तेवढं कमी केलंय, बाकी बोललो तसंच आहे.

मागच्या डिसेंबरात आम्ही चार मित्र गाडी काढून गोव्याला गेलो आणि तिथून खाली कारवारला. तिथे टागोर बीचवर एक राखाडी बोट ठेवलेली आहे, आयएनएस चपल. (चपळ या अर्थाने. चप्पल नाही. आमच्यातल्या एकाने हा विनोद दिवसभर पुरवला.) १९७६ साली नौदलात आली, २००५ मध्ये निवृत्त झाली, २००६ पासून संग्रहालय. बघून मी पहिलं काय म्हटलं असेल तर, "एवढीशीच?" लांबी ३८.६ मीटर. आपल्या सिटीलिंकच्या तीन बस एकामागे एक लावा, झाली बोट.

हिनेच कराचीवर हल्ला केला असं कुणी सांगितलं तर साल बघा. कराची १९७१. तिथे गेल्या त्या हिच्या थोरल्या बहिणी, विद्युत वर्गातल्या.

आता मुद्दा. एवढ्याशा बोटीत दम कुठून आला? जुन्या युद्धनौकेवर मोठी तोफ असायची. तोफ डागली की मागे जबरदस्त धक्का बसतो, तो सोसायला जहाजही तेवढंच मोठं आणि जड लागतं. क्षेपणास्त्राचं तसं नाही. त्याचं इंजिन त्याच्यातच असतं आणि ज्वाळा मागून बाहेर जातात. बोटीने फक्त ते वाहून न्यायचं आणि तोंड योग्य दिशेला करायचं. म्हणून सोव्हिएत डिझायनरांनी सुमारे २०० टनांच्या बोटीवर चार डबे बसवले, प्रत्येकात दोन टनांहून जड एक पी-१५ क्षेपणास्त्र. मागचे दोन डबे पुढच्यांपेक्षा थोडे उंच, म्हणजे मागचं क्षेपणास्त्र पुढच्या डब्यावरून निघून जातं.

पल्ला साधारण ४० किलोमीटर, म्हणजे नाशिकहून घोटीपर्यंत समजा. सुरुवातीचा जोर एक बूस्टर देतो आणि गळून पडतो. मग द्रव इंधनाचं इंजिन चालतं. त्यात दोन द्रव, एक जळणारं आणि दुसरं नायट्रिक आम्ल. दोन्ही भेटले की ठिणगीशिवाय पेट घेतात. आणि ही बाटली घेऊन खलाशी लाटांवर आपटत चाललेत! शेवटच्या टप्प्यात क्षेपणास्त्राचा स्वतःचा रडार चालू होतो आणि ते लक्ष्य शोधतं. पुढे सुमारे ५०० किलोंचा स्फोटक भाग.

याची किंमत कुठे मोजली? आम्ही सॉफ्टवेअरवाले याला ट्रेड-ऑफ म्हणतो. तीन डिझेल इंजिनं, प्रत्येकी ४२ सिलिंडरचं. वेग ताशी ७० किलोमीटरच्या आसपास, पण तेल लवकर संपतं. चिलखत नाही. विमान आलं तर ३० मिलिमीटरच्या दोन जोडतोफा, बस. खरं तर ही बोट स्वतःच्या बंदराच्या रक्षणासाठी होती.

मग ती कराचीला कशी गेली? मला सगळ्यात आवडलेला भाग हा. सोव्हिएत युनियनमधून या आठ बोटी मालवाहू जहाजांवरून कोलकात्याला आल्या, कारण मुंबईत एवढं वजन उतरवणारी क्रेन नव्हती. तिथून त्या ओढत मुंबईला आणाव्या लागल्या. अडचणच ती. पण त्यातून लक्षात आलं, की बोट ओढून नेता येते, तर तिचं तेल हल्ल्यासाठी राखताही येतं!

४ डिसेंबर १९७१ च्या रात्री निपट, निर्घात आणि वीर या तीन बोटी निघाल्या. स्क्वाड्रनचे प्रमुख कमांडर बब्रुभान यादव. सोबत लांबवर बघणारा रडार असलेल्या किल्तान आणि कच्छल, आणि तेल द्यायला पोषक हा टँकर. विमानांच्या भीतीने दिवसा कराचीपासून लांब राहायचं, अंधार पडला की आत घुसायचं, उजाडायच्या आत बाहेर पडायचं.

निर्घातने पाकिस्तानी विनाशिका खैबरवर क्षेपणास्त्र डागलं. खैबर ही दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली ब्रिटिश बांधणीची, आपल्या बोटीच्या दहापटीहून मोठी. तिच्या तोफांचा पल्ला २० किलोमीटरच्या आतला, म्हणजे निर्घात तिच्या टप्प्यातच नव्हती. येणारा उजेड बघून खैबरवरच्यांना ते विमान वाटलं. त्यांनी विमानविरोधी तोफा चालवल्या, मदतीच्या संदेशातही विमानहल्लाच सांगितला. दुसऱ्या क्षेपणास्त्रानंतर खैबर बुडाली, २०० हून अधिक माणसं गेली. आपल्याकडे ४ डिसेंबरला नौदल दिन असतो, तेव्हा हा आकडाही माझ्या डोक्यात येतो. वीरने मुहाफिझ ही सुरुंग काढणारी बोट बुडवली. निपटने कराचीच्या केमारी तेलसाठ्याकडे क्षेपणास्त्र सोडलं. तिन्ही बोटी परत आल्या. ८ डिसेंबरच्या रात्री विनाश ही एकच बोट, दोन मोठ्या नौकांसोबत, पुन्हा कराचीवर गेली आणि तिची चारही क्षेपणास्त्रं संपवून आली.

कारवारला गेलात तर चपलच्या डब्यांकडे बघा. ते गोल नळकांड्यांसारखे आहेत. १९७१ च्या बोटींवर चौकोनी, मोठे होते, कारण तेव्हाच्या क्षेपणास्त्राचे पंख मिटत नव्हते. आणि आत जाताना डोकं सांभाळा, मी दोनदा आपटलंय.