जुन्या कपाटाला नवा रंग

आमच्या घरी एक सागवानी कपाट आहे. आमच्या आईच्या माहेरून आलेले. वर निळा रंग, त्याखाली हिरवा, अगदी आत पांढरा. निळ्याचे पोपडे सुटू लागले, तेव्हा आम्ही ठरविले की आपणच रंगवायचे.

पहिल्याच दिवशी चुकलो. ओटीवर बसून कोरडा पॉलिश पेपर खसाखसा घासू लागलो. धूळ उडाली. दहा महिन्यांचा नातू रांगत आला. धुळीतली बोटे तोंडात घालणार, तोच सूनबाई धावल्या. "मामंजी, आधी ते थांबवा!" म्हणाल्या. त्यांचेच खरे होते. जुन्या तेलरंगात पुष्कळदा शिसे असे. शिसे पोटात गेले तर लहान मुलाच्या मेंदूला इजा होते, आणि ती भरून येत नाही. घरगुती रंगांत दहा लाख भागांत ९० भागांहून जास्त शिसे नसावे, असा नियम आपल्या देशात २०१६ साली झाला. तो १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. म्हणजे त्याआधीचा रंग संशयाचाच समजावा.

मग काय करावे? कपाट अंगणात न्यावे. खाली जुने कागद अंथरावेत. पोरांना लांब ठेवावे. रंग भिजवावा आणि पाण्याचा पॉलिश पेपर ओलाच घासावा. म्हणजे धूळ उडत नाही. सुटलेले पोपडे तेवढे काढा. घट्ट बसलेला रंग खरवडू नका. तो नव्या रंगाखाली राहू द्या. काही जण दिवटीने रंग जाळतात. तसे मुळीच करू नये, धूर विषारी असतो. काम झाले की हातपाय धुवा, अंगावरचे कपडे वेगळे धुवा.

मग सोड्याच्या पाण्याने तेलकटपणा काढावा, साध्या पाण्याने पुसावे आणि लाकूड चांगले वाळू द्यावे. भेगांत लांबी भरावी. लांबी म्हणजे खडूची पूड आणि जवसाचे उकळलेले तेल यांचा मळलेला गोळा. ती सुकली की घासून सारखी करावी. त्यावर अस्तराचा एक हात, मग रंगाचे दोन हात. हात पातळ असावा. जाड दिला तर वरून सुकतो, आत ओला राहतो. दोन हातांमध्ये एक दिवस जाऊ द्या. पावसाळ्यात हे काम काढूच नका.

नवा डबा घेताना त्यावर शिशाविषयी काय छापले आहे ते वाचा. आता वाचता येते ना? मग दुकानदाराला कशाला विचारायचे!

आणखी एक. जवसाच्या तेलाच्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. त्या आपोआप तापतात आणि पेट घेतात. बादलीत पाण्यात बुडवा, नाहीतर बाहेर पसरून वाळवा.

आमचे कपाट आठ दिवसांत झाले. एक दार मात्र पावसाळ्यात फुगून अडकतेच. ते उन्हाळ्यात थोडे रंधून घेऊ.