उसाच्या पोटातील बिऱ्हाडकरू

सायंकाळच्या चहात दोन चमचे साखर घालून आपण येथे आलो आहो. ज्या उसाची ती साखर, त्याच्या कांड्यात कोणी बिऱ्हाड करून राहत असेल अशी शंका आपल्याला येत नाही.

हरभरा, तूर यांच्या मुळांवरील गाठी बहुतेकांना ठाऊक आहेत. त्यांतील जिवाणू हवेतला नत्र पिकाला घेता येईल अशा रूपात आणून देतात. म्हणूनच आपला शेतकरी कडधान्याचा फेरपालट करतो. उसाला मात्र गाठी नाहीत. तथापि ब्राझीलमध्ये वर्षानुवर्षे थोड्याशा नत्रखतावर उसाचे पीक निघत आले. हा नत्र येतो कोठून, या प्रश्नामागे योहाना डोबेराइनर ही विदुषी लागली. तिने व व्लादिमीर कावालकांते यांनी १९८८ साली उसाच्या मुळांत व कांड्यांत राहणारा एक जिवाणू जाहीर केला. शास्त्रज्ञांनी पुढे त्याचे नाव बदलले. आपल्याकडे तो ॲसेटोबॅक्टर म्हणूनच ओळखला जातो.

हा प्राणी मोठा गोडघाशा! दहा टक्के साखरेच्या पाण्यात तो जोमाने वाढतो, तीस टक्क्यांतही तग धरतो. पेशींच्या मधल्या पोकळ्यांत तो राहतो. उघड्या मातीत त्याचा फारसा निभाव लागत नाही. मग एका शेतातून दुसऱ्या शेतात तो जातो कसा? बेण्यातून. ऊस कांडी लावून वाढवितात, तेव्हा आईच्या घरचे बिऱ्हाड लेकीबरोबर आपोआप सासरी जाते.

याने युरिया सुटला, असे मात्र कोणी समजू नये. ब्राझीलमधील काही वाणांनी निम्म्याहून अधिक नत्र हवेतून मिळविल्याचे प्रयोगांत दिसले. अन्य देशांतील काही प्रयोगांत तो फारच थोडा आढळला. त्यातही या एकाच जिवाणूचे श्रेय किती, यावर एकमत नाही. एक गोष्ट मात्र प्रयोगांत दिसून आली आहे: नत्रखताचा मारा केला की उसातील या बिऱ्हाडकरूंची संख्या घटते.

आपल्याकडे अडचण येते ती येथेच. आडसाली उसाला हेक्टरी ४०० किलो नत्राची शिफारस आहे, म्हणजे युरियाची सुमारे १९ पोती. लागणीपूर्वी टिपऱ्या ॲसेटोबॅक्टरच्या द्रावणात अर्धा तास बुडवा, आणि मग नत्रखत निम्मे करा, असे कृषी विद्यापीठ सांगते. आमच्या पाहण्यातले कित्येकजण पहिले वाक्य ऐकतात, दुसरे सोडून देतात. पाहुण्याला मानाने घरात घ्यायचे आणि त्याला राहवणार नाही अशी तजवीज करायची, असा हा प्रकार! उरलेला नत्र पाण्याबरोबर झिरपून विहिरीत उतरतो, आणि तेच पाणी माणसे पितात.

आपल्यापैकी पुष्कळांची गावाकडे भावकीत शेती आहे. त्यांनी भावाला एवढेच सांगावे: सगळे शेत नको, दहा सऱ्या वेगळ्या धर, त्यांत बेणे बुडवून लाव, युरिया निम्मा टाक, आणि तोडणीच्या वेळी त्या दहा सऱ्यांचा ऊस निराळा तोलून घे.