तांबडी माती आणि उष्णतेची वीज

सुर्ल्याच्या वाटेवरील तांबडी धूळ पांढऱ्या धोतरास एकदा लागली, की सहजी निघत नाही. डिचोली तालुक्यातील या खाणपट्ट्याचा तो रंग म्हणजे लोहाचे ऑक्साइड होय. अनेक दशके हे खनिज बार्जमधून मांडवीच्या पात्राने मुरगाव बंदराकडे जाई आणि तेथून जपानपर्यंत पोहोचे.

त्याच जपानात १९९७ साली इचिरो तेरासाकी व त्यांचे सहकारी यांनी सोडियम व कोबाल्ट यांच्या ऑक्साइडाचा एक विलक्षण गुण प्रसिद्ध केला. त्याचे एक टोक तापविले व दुसरे थंड ठेवले, की एका अंशाच्या फरकास सुमारे १०० मायक्रोव्होल्ट इतका विद्युतदाब निर्माण होतो. म्हणजे शंभर अंशांचा फरक असता टॉर्चच्या एका सेलची बरोबरी करण्यास असे सुमारे दीडशे तुकडे ओळीने जोडावे लागतील.

मूळ तत्त्व जुनेच. १८२१ साली सीबेक या शास्त्रज्ञास ते धातूंच्या जोडांत आढळले. अडचण अशी, की या कामी वीज सहज वाहावी, पण उष्णता अडावी. धातू दोहोंस वाट देतो; मातीचे मडके दोहोंस अडविते. शुद्ध लोह-ऑक्साइडही विजेस फारशी वाट देत नाही. टायटॅनियमचा अल्पांश मिसळला, की ती वाट रुंदावते.

अशी भेसळ ही पहिली युक्ती. दुसरी घडणीची. कॅल्शियम-कोबाल्ट ऑक्साइडाचे कण पत्र्यासारखे चपटे असतात. भुकटी दाबून भाजली, की ते थरांनी एका दिशेस पडतात व त्या दिशेने वीज सुलभ वाहते. आच कमी पडली, तर वडी सच्छिद्र राहते. सुमारे ९२६ अंशांपलीकडे गेली, तर द्रव्यच विघटित होते. म्हणून बेताच्या आचेस दाबाची जोड देतात.

एवढा खटाटोप कशासाठी? कारखान्यांच्या धुराड्यांतून अपार उष्णता वाया जाते. अशा उघड्या, तप्त हवेत टेल्युरियमयुक्त द्रव्ये खराब होतात. ही ऑक्साइडे मात्र टिकतात. उष्णतेचा अल्पच भाग ती विजेत रूपांतरित करतात, हे खरे; म्हणूनच घडणीचे संशोधन चालू आहे.

डिचोलीच्या कुंभारास हे मर्म नवे नाही. माती सर्वांचीच; भांड्याचा कस ठरतो तो मळण्यात, घडविण्यात आणि भाजण्यात.