आधी वजन, मग पंखा, मोटार शेवटी

कुंभकोणमच्या चहूबाजूंना कावेरीच्या पाण्यावरची भातशेती पसरली आहे. मोठं मॉडेल विमान उतरवायला कोरडी, मोकळी जमीन लागते. ती इथे सांबाचं पीक निघाल्यावर, जानेवारी-फेब्रुवारीनंतरच सापडते. त्यामुळे उडवण्याचे दिवस उन्हाळ्याला जाऊन भिडतात. विजेवरच्या विमानाची जुळवणी इथे करायची तर हे ऊन पहिल्यापासून हिशेबात धरावं लागतं.

उदाहरणाला पायपर जे-3 कब घेऊ. खऱ्या विमानाचे पंख 10.7 मीटर, म्हणजे चौथाई आकाराच्या मॉडेलचे जवळजवळ 2.7 मीटर. वजन 7 किलो धरू. पुष्कळ जण इथे थेट मोटारीची जाहिरात उघडतात. माझ्या मते सुरुवात वजनकाट्यापासून व्हावी. शांत उडणाऱ्या विमानाला किलोमागे साधारण 220 ते 250 वॉट पुरतात, कसरतींना 400 च्या वर लागतात. आपल्या कबला 1,700 वॉट बास झाले.

मग पंखा. कबसारख्या संथ विमानाला मोठा पंखा सावकाश फिरवलेला मानवतो. 20 इंच व्यास आणि 10 इंच पिचचा (म्हणजे एका फेरीत तत्त्वतः तेवढं पुढे सरकणारा) पंखा मिनिटाला 6,000 फेऱ्यांवर एवढी शक्ती साधारण पचवतो. तो मागे फेकत असलेल्या हवेचा वेग ताशी 90 किलोमीटरच्या आसपास जातो, कबला तो भरपूर झाला.

आता लिथियम पॉलिमर बॅटरी. 6 सेलवर 1,700 वॉट काढायचे तर 75 ते 80 अँपिअर ओढावे लागतात. 12 सेलवर त्याच्या निम्मे. करंट निम्मा झाला की त्याच तारेतली उष्णता चौथाईवर येते. कुंभकोणमच्या उन्हात एवढ्या कारणासाठीसुद्धा मी 12 सेलच निवडेन. 6 सेलचे 5,000 एमएएचचे दोन पॅक सिरीजमध्ये जोडले की काम होतं. मोटार यानंतर आपोआप ठरते. विनाभार एका व्होल्टला मिनिटाला किती फेऱ्या, हा तिचा केव्ही. इथे तो 180 च्या आसपास हवा. मोटारीचा वेग सांभाळणारा ईएससी 40 अँपिअरचा नको, 80 चा घ्यावा. रिसीव्हर आणि सर्व्होंना वेगळी बॅटरी द्यावी, म्हणजे मुख्य पॅक दगावला तरी विमान ताब्यात राहतं.

12 सेलचा प्लग जोडताना कडाडून ठिणगी पडते. ईएससीतले रिकामे कपॅसिटर एका क्षणात भरतात, त्याची ती ठिणगी. दर वेळी कनेक्टरचं टोक थोडं काळवंडतं, खड्डे पडतात. अँटी-स्पार्क कनेक्टरमध्ये आधी एक रोधक जोडला जातो, कपॅसिटर हळू भरतात आणि मग पूर्ण जोड बसतो. त्यावर खर्च करायला कचरू नये.

1957 च्या 30 जूनला इंग्लंडमध्ये कर्नल टॅप्लिन यांनी रेडिओवर चालणारं विमान विजेच्या मोटारीवर उडवलं, तेव्हा त्यांच्याकडे सिल्व्हर-झिंक सेल होते. लिथियम पॉलिमरने वजनाचं गणित पार बदलून टाकलं, मात्र ही बॅटरी उष्णतेला नाजूक. ती 60 अंशांपुढे जाऊ देऊ नये, आणि बंद गाडीत उन्हात तर ठेवूच नये. विमानाच्या नाकात हवा शिरायला जेवढी जागा, तिच्या दुप्पट बाहेर पडायला ठेवावी. विमानप्रवासात असे पॅक न्यायचे तर 100 ते 160 वॉट-तासांच्या पॅकला कंपनीची परवानगी लागते; आपला प्रत्येक पॅक 111 वॉट-तासांचा आहे.

पुण्यात जमवलेली जुळवणी इथे जशीच्या तशी चालेल असं समजू नये. पुणे 560 मीटर उंचीवर आहे, कुंभकोणम जवळपास समुद्राच्याच पातळीला. 35 अंश तापमानात इथली हवा पुण्यापेक्षा सहा-सात टक्के दाट भरते. तेवढीच ओढ वाढते, पण त्याच फेऱ्यांना पंखा शक्तीही तेवढीच जास्त मागतो. म्हणून पहिल्या उड्डाणाआधी भर दुपारी, भरलेल्या बॅटरीवर, शेपटी घट्ट बांधून वॉटमीटर लावावा आणि पंख्याच्या मागे उभं राहून पूर्ण थ्रॉटल द्यावं. आकडा मोटारीच्या मर्यादेला टेकत असेल, तर 10 ऐवजी 8 पिचचा पंखा चढवावा आणि पुन्हा मोजावं.